लीव्ह अँड लायसन्स

भारतीय कायद्याच्या नजरेत विंडोज ही साहित्यकृती आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृती म्हणजे काय ते सांगताना संगणकाच्या प्रोग्रामलाही जागा दिलेली आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी, कोसला, टॅली आणि विंडोज ही सगळी कायद्याच्या एकाच कपाटातली मंडळी. उद्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी टॅलीचं नाव पुढे आलं, तर अभिरुचीच्या मुद्द्यावर विरोध करता येईल, कायद्याच्या मुद्द्यावर नाही. शिवाय संमेलनाचा जमाखर्च तरी वेळेत जुळेल.

याच कायद्यात ६३ ब नावाचं एक कलम आहे. प्रोग्रामची प्रत चोरीची आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरली, तर किमान ७ दिवस आणि कमाल ३ वर्षं कैद, शिवाय ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर न्यायालय कैद टाळून नुसता ५० हजारांपर्यंतचा दंड करू शकतं, एवढीच काय ती सवलत. हे कलम पुण्याच्या कोथरूडमध्ये वाचलं तर माहिती वाटते. येरवड्यात वाचलं तर पत्ता वाटतो. इकडे मध्यवर्ती कारागृहाची ती उंच भिंत, तिकडे कॉमरझोन आयटी पार्कच्या काचेच्या इमारती. एकीकडे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची सोय, दुसरीकडे ते फुकट वापरणाऱ्यांची. मधल्या रस्त्यावर संगणक दुरुस्तीची छोटी दुकानं, आणि तिथे दोन्हीकडे न बघता चालणारा संवाद:

"फॉरमॅट मारून विंडोज टाकायचंय ना काका?"

"हो."

"ओरिजनल, की आपलं नेहमीचं?"

या 'नेहमीचं'मध्ये जो आपलेपणा आहे तो कुठल्याही कंपनीच्या कस्टमर केअरला साधलेला नाही. काका भिंतीच्या दिशेने एकदा बघतात आणि म्हणतात, "ओरिजनलमध्ये काय वेगळं मिळतं?" दुकानदार प्रामाणिक असतो. "वेगळं काही नाही. हँग दोन्ही होतात. ओरिजनलचं बिल मिळतं."

काकांच्या मनात खरी अडचण पैशांची नसते. पैसे मोजूनही ती वस्तू आपली होत नाही, हा संशय त्यांना खात असतो, आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. येरवडा, कल्याणीनगर, विमाननगर या पट्ट्यात आयटीमुळे भाडेकरूंची दाट वस्ती. इथल्या शाळकरी पोरालाही 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे काय ते माहीत असतं. अकरा महिन्यांचा करार, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी, त्यासाठी अंगठ्याचं यंत्र पिशवीत घालून घरी येणारा एजंट, पोलिसांना द्यायची माहिती. यातल्या लायसन्सची व्याख्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. तिचा मथितार्थ असा: दुसऱ्याच्या मालमत्तेत, परवानगी नसती तर बेकायदा ठरलं असतं असं काही करण्याची परवानगी. मालकी नाही, ताबा नाही, नुसती परवानगी. सॉफ्टवेअरच्या करारात हेच सरळ लिहिलेलं असतं: हे तुम्हाला विकलेलं नाही, वापरायला दिलेलं आहे. आपण दुकानातून खोका घेऊन पेढे वाटत घरी येतो, तेव्हा खरं तर आपण भाड्याने राहायला गेलेलो असतो. मग प्रश्न एवढाच उरतो की मालक कसा मिळाला.

विंडोज हा मालक सुरुवातीला फार साधा होता. विंडोज ९५ च्या दहा आकडी किल्लीची तपासणी म्हणजे मुख्यतः शेवटच्या सात आकड्यांची बेरीज करायची आणि तिला साताने भाग जातो का ते बघायचं. त्यामुळे एकामागून एक एक्केच दाबत गेलं तरी दार उघडायचं. सात एक्के सात, साताने भाग जातो, या घरात. तिसरीतल्या मुलाला जमेल अशी ही सुरक्षा होती, आणि बहुतेक घरांत तिसरीतल्या मुलानेच ती ओलांडली.

२००१ मध्ये एक्सपी आलं आणि मालक बदलला. तीस दिवसांत ॲक्टिव्हेशन करा, नाहीतर बाहेर. किल्ली आता पंचवीस अक्षरांची. ती टाकताना माणसाची फसगत होऊ नये म्हणून त्यातून शून्य, एक आणि पाच हे आकडे काढून टाकले, आय, ओ, एल, एस, झेड ही अक्षरंही काढली. एवढी काळजी घेऊन बी आणि आठ मात्र दोघेही शेजारी शेजारी ठेवले. ही किल्ली लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेल्या इवल्याशा स्टिकरवर छापलेली असायची. लॅपटॉप तापून तापून आणि मांडीवर घासून घासून दोन वर्षांत त्यावरचं सगळं पुसलं जायचं, बी आणि आठ यांच्यातला भेद तर सर्वांत आधी. मग घरातली सगळी माणसं टॉर्च, भिंग आणि तिरका चष्मा घेऊन उताण्या लॅपटॉपभोवती बसायची. नाडीवाला वैद्य पेशंटकडे बघतो तसे सगळ्यांचे चेहरे.

इंटरनेट नसेल तर फोनवरून ॲक्टिव्हेशन करायची सोय होती. सोय हा मालकाचा शब्द. विंडोज ७ मध्ये पडद्यावर चोपन्न आकडे यायचे, सहाचे नऊ गठ्ठे. ते फोनवरच्या यंत्राला सांगायचे. यंत्र खूश झालं तर ते उलट अठ्ठेचाळीस आकडे सांगायचं. ते ए पासून एच पर्यंतच्या आठ चौकोनांत भरायचे. आता हे येरवड्यात करून बघा. लोहगावचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. यंत्र पाचव्या गठ्ठ्यावर आलं की नेमकं डोक्यावरून सुखोई जाणार. देशाचं संरक्षण झालं, पण 'ई' चौकोनातले आकडे शहीद. घरातले आजोबा ऐकणार, आजी लिहून घेणार. आजोबा सवयीने आकडे जोडून सांगणार, "एकोणऐंशी, मग एकोणनव्वद," आणि आजी विचारणार, "म्हणजे आठ-नऊ की सात-नऊ?" तोवर यंत्र पुढच्या गठ्ठ्यावर.

मधेच ते यंत्र एक प्रश्न विचारायचं: ही प्रत किती संगणकांवर टाकली आहे? याचं उत्तर 'एक' असंच द्यायचं असतं, हे सगळ्या पुण्याला ठाऊक होतं. कारण असाच प्रश्न घरमालकही विचारतात, "किती माणसं राहणार?" आणि आपण म्हणतो, "दोघंच." तेव्हा सासू-सासरे आणि मेहुणा टेम्पोजवळ उभे असतात.

परवानगी नसलेल्या भाडेकरूचा छळ करण्याच्या पद्धतीही काळाप्रमाणे बदलल्या. एक्सपीच्या शेवटच्या काळात तासातासाला वॉलपेपर काळा व्हायचा. विंडोज ७ मध्ये कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही' अशी ओळ यायची. दहामध्ये ती ओळ सौम्य झाली: ॲक्टिव्हेट विंडोज, सेटिंग्जमध्ये जा. पुसट, पारदर्शक, पण सगळ्यांच्या वर. सोसायटीच्या वार्षिक सभेत सचिव प्रोजेक्टर लावून 'पारदर्शक कारभार' असा मथळा दाखवतात, आणि उजव्या कोपऱ्यात ती ओळ तरंगत असते. हिशेबावर प्रश्न विचारायला वर्षभर तयारी करून आलेल्या सभासदाला मग हिशेब वाचायची गरजच पडत नाही.

आणि समजा तुम्ही रीतसर पैसे भरले. तरी लॅपटॉपबरोबर आलेलं लायसन्स तुमचं नसतं, ते त्या यंत्राचं असतं. मदरबोर्ड जळला, नवा बसवला, की मालक दारात हजर: "आपण कोण?" दहा वर्षं राहिलेल्या भाडेकरूने दिवाणखान्यातला सोफा बदलला म्हणून त्याला ओळखायला नकार द्यावा, तसं हे. आता तर पुनर्विकासच निघाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल संपली. नव्या इमारतीत, म्हणजे ११ मध्ये, जागा हवी असेल तर संगणकात टीपीएम २.० नावाची चिप हवी. नसेल तर तुम्ही अपात्र. पुनर्विकासाच्या पात्र-अपात्र याद्यांशी येरवड्याचा जुना परिचय आहे, त्यामुळे इथे कोणाला धक्का बसला नाही. फक्त हरकत कोणत्या खिडकीवर नोंदवायची, एवढंच लोक विचारत राहिले.

टॅलीचा छळ मात्र मला कलात्मक वाटतो. टॅलीचं लायसन्स चालू नसेल तर ते बंद पडत नाही. ते एज्युकेशनल मोडमध्ये जातं. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात. एखाद्या किराणा दुकानाची सगळी उलाढाल महिन्याच्या दोन-तीन दिवसांतच झालेली वहीत दिसली, तर त्याचा धंदा हंगामी आहे असं समजू नये. जूनमध्ये एकतीस तारीखच नसते. तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर हा दुकानदार महिनाभराची तूरडाळ, साखर, छत्र्या असं सगळं पहिल्या दोन दिवसांत विकून मोकळा होतो आणि अठ्ठावीस दिवस कागदोपत्री झोपतो. साहित्यकृती म्हणतात ती हीच.

पण भाड्याची खरी मजा मराठी माणसाने चाखली ती स्वतःच्या भाषेत. नव्वदच्या दशकापासून लग्नपत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रकं, श्रद्धांजलीचे फलक, सगळं डीटीपीवर आलं. पेजमेकर आणि पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी ही त्या काळातली ठरलेली जोडी. श्रीलिपीसारख्या पॅकेजबरोबर डोंगल मिळायचं. आगपेटीएवढा ठोकळा, तो संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीत खुपसायची. डोंगल लावलं तर मराठी. काढलं तर नाही. ज्ञानेश्वरीच्याही आधीपासून चालत आलेली भाषा त्या पंचवीस पिनांवर तोलून उभी असायची. डीटीपीवाल्याच्या दुकानात गल्ल्याला कुलूप नसायचं, पण डोंगल रात्री घरी जायचं. काही जण ते देवाच्या फोटोमागे ठेवायचे. ऑपरेटर नोकरी सोडून गेला की मालक आधी पगाराचा हिशेब बघायचा नाही, संगणकाच्या मागे हात घालून चाचपायचा.

आणि एवढं करून टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला तर त्याच्याकडे तोच फाँट हवा. नसेल तर 'चि. सौ. कां.'च्या जागी डॉलर, टक्के आणि चौकटी. काही लग्नांच्या बाबतीत हा मजकूर जास्त खरा होता, तो भाग वेगळा. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, विंडोज २००० बरोबर मंगल हा फाँट आला, पुढे रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेला लोहित आला, 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटाचा मुक्ता आला. हे शेवटचे दोघे खुल्या परवान्याचे: वापरा, वाटा, बदला, भाडं नाही. आपल्या भाषेत आपल्याला मोफत लिहिता यायला लागलं, तेव्हा कुठे कळलं की इतकी वर्षं आपण आईशी बोलायला परवानगी काढत होतो. तरीही एखाद्या छापखान्यात आत डोकावलं तर कोपऱ्यात एक्सपीचा संगणक दिसतोच. त्यावर २००१ चं पेजमेकर ७, त्या मालिकेतलं शेवटचं. त्याला इंटरनेट दाखवत नाहीत, नवं काही टाकत नाहीत, बंद करायलाही घाबरतात. त्याचं कारण जाणकार सांगतात: नवं घ्यायचं तर आता विकतच मिळत नाही. पेजमेकरवाल्या अडोबीने २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढे वर्गणी. अकरा महिन्यांचा करार तरी अकरा महिने चालतो. इथे दर महिन्याला घर नव्याने भाड्याने घ्यायचं.

मॅकचा मालक वेगळ्या घराण्यातला. तो किल्ली मागत नाही. मॅक ओएसची डीव्हीडी विकत मिळायची तेव्हाही तिच्यावर पंचवीस अक्षरांची भानगड नव्हती. केवढा विश्वास, असं वाटतं. पण किल्ली लागतच नाही, कारण सगळी इमारतच त्याची आहे. करारात स्पष्ट आहे: ही प्रणाली ॲपलच्याच संगणकावर चालवायची. फर्निश्ड फ्लॅट, भिंती पांढऱ्याशुभ्र, दिवे मंद, आणि खिळा ठोकायला बंदी. भाडेकरू एवढा भारावलेला असतो की खिळा ठोकण्याची इच्छा होणं हीच त्याला स्वतःची उणीव वाटते. मग २०१९ मध्ये मालकाने कॅटलिना नावाची नवी आवृत्ती दिली आणि बत्तीस बिटांचे सगळे प्रोग्राम बंद केले. ज्यांनी मॅकसाठी ऑफिस २०११ रोख पैसे मोजून, कायमचं म्हणून घेतलं होतं, त्यांचं लायसन्स शाबूत राहिलं आणि ऑफिस गेलं. घराची कागदपत्रं हातात, आणि घर असलेला मजलाच काढून नेलेला. अर्थात फार सुंदर पद्धतीने.

सेकंडहँड मॅकची तर वेगळीच परीक्षा. आयटीतला मुलगा परदेशी जाताना घाईत लॅपटॉप विकतो. घेणारा घरी येऊन तो पुसून नव्याने सुरू करतो, तर पडद्यावर विचारणा: आधीच्या मालकाचा पासवर्ड द्या. चोरांना अडवण्यासाठी केलेलं हे ॲक्टिव्हेशन लॉक. चोर असलं काही घेतच नाही, तो हुशार असतो. अडकतो तो पावती घेऊन आलेला माणूस. आधीचा भाडेकरू किल्ली खिशात घालून टोरांटोला पोहोचलेला, तिथे रात्रीचे तीन, आणि इकडे हा पंधरा हजारांचा चकचकीत पाट घेऊन बसलेला.

या सगळ्याला कंटाळलेला माणूस शेवटी लिनक्सकडे जातो. इथे घरमालकच नाही. रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थांना एमआयटीच्या प्रयोगशाळेत एका लेझर प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर मिळेना, याचा राग आला. त्या रागातून जी चळवळ उभी राहिली तिच्यामुळे आज वापरा, बघा, बदला, वाटा असं सगळं माफ आहे. किरकोळ कारणावरून आलेल्या रागातून जागतिक कार्य उभं राहिलं, हे वाचून पुणेकराला स्टॉलमन गाववाले वाटतात. एके काळी उबुंटू या लिनक्सच्या सीडी मागणी नोंदवली की टपालाने घरपोच, फुकट यायच्या. पोस्टमन परदेशी पाकीट देताना काही मिनिटं रेंगाळायचा आणि आत फुकटची सीडी आहे हे कळल्यावर दिवाळीची आठवण न करून देताच जायचा.

मालक नाही म्हटल्यावर पाण्याचा पंप बिघडला तर आपणच खाली उतरायचं, हे लिनक्सला गेल्यावर समजतं. काही लॅपटॉपचं वायफाय चालायला एक ड्रायव्हर लागतो, आणि तो मिळतो इंटरनेटवर. मदत मागावी तर जाणकार शेजारी भरपूर. ते आधी विचारतात, "कोणती डिस्ट्रो?" म्हणजे लिनक्सचा कोणता अवतार. तुम्ही सांगता. ते म्हणतात, "तिथेच चुकलं." हे उत्तर ऐकण्यासाठी संगणक लागत नाही, ते कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात मिळतं. बरं, फुकट म्हणजे कायम असंही नाही. सेंटओएस ८ ही अशीच एक डिस्ट्रो, ती २०२९ पर्यंत सांभाळू असं ठरलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये कळलं की २०२१ च्या अखेरीस संपणार. तक्रार करावी तर भाडं भरलेलं नाही. भाडं न भरणाऱ्याला निदान लाज वाटते, इथे तीही सोय नाही.

सगळ्या मालकांमध्ये एक गोष्ट मात्र समान: करार. आणि इथे मराठी माणूस पार बदलतो. घराच्या करारात रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे की नाहीत यावर दोन संध्याकाळी घालवणारा हाच माणूस सॉफ्टवेअरच्या करारावर श्वास न घेता 'मान्य आहे' दाबतो. आमच्या इमारतीत एकच अपवाद निघाला. सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले एक आजोबा. नातीने त्यांच्या संगणकावर नव्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं.

"आजोबा, खालचं बटण दाबा."

"आधी वाचतो."

"ते कोणी वाचत नाही."

"म्हणूनच वाचायला हवं."

चार ओळींच्या खिडकीतून तो अजस्र करार वाचणं म्हणजे किल्लीच्या भोकातून मिरवणूक बघणं. आजोबा म्हणाले, याची छापील प्रत काढ. नात म्हणाली, छापायला प्रिंटर लागेल. मग लाव. प्रिंटर लावायला सॉफ्टवेअर लागेल. मग टाक. टाकायला तुम्हाला मान्य करायला लागेल. आजोबा क्षणभर गप्प झाले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांना इतकं निर्दोष सरकारी काम बघायला मिळालं नव्हतं.

त्यांनी फुलस्केप कागद घेतले आणि करार हाताने उतरवून काढला. लाल शाईने शेरे मारले. कंपनीची जबाबदारी फार तर भरलेल्या किमतीपुरती: 'खुलासा व्हावा.' कंपनी अटी केव्हाही बदलू शकेल: 'कोणत्या अधिकारात?' नुकसान झाल्यास परदेशी न्यायालयात दाद: 'प्रवासभत्ता कोण देणार?' एवढं करून ते कागद द्यायचे कुठे, तर जागाच नाही. पडद्यावर दोनच बटणं, मान्य आणि रद्द. 'फेरसादर करावे' नाही. शेवटी नातीला शाळेचा प्रकल्प छापायचा होता, तिने मान्य दाबून टाकलं.

"माझी हरकत नोंदवून घे," आजोबा म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी प्रिंटरच्या खोक्यावर तारखेसह सही करून ती नोंदवली. पुढे काही दिवसांनी पडद्यावर सूचना आली: अटी बदलल्या आहेत, वापर चालू ठेवल्यास त्या तुम्हाला मान्य आहेत असं समजलं जाईल. तेव्हापासून आजोबा संगणकाचं बटण दाबण्याआधी मोठ्याने "हरकत राखून!" असं म्हणतात आणि मगच आत शिरतात. आत शिरून करायचं काय, तर सॉलिटेअर. विंडोजमधला तो पत्त्यांचा डाव पूर्वी कोणाला काही मागत नसे. आता मधेमधे जाहिराती, आणि त्या नको असतील तर वर्गणी.

पत्ते खेळायला भाडं, हे मात्र त्यांना सहन झालं नाही. कपाटातून त्यांनी पत्त्यांचा जुना कॅट काढला, जोकर बाजूला केले, पिसला आणि आजींना हाक मारली.

"खेळते," आजी म्हणाल्या, "पण माझे नियम मान्य असतील तरच."

आजोबांनी न वाचता मान्य केलं.